रोड बाईक घेताय? आधी इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) मोजा
दुकानात उंची सांगितली की लगेच "तुम्हाला ५४ बसेल" (म्हणजे ५४ साईजची फ्रेम) असं म्हणून मोकळे होतात, पण एकाच उंचीच्या दोघांचे पाय आणि धड सारखं नसतं राव. घरी अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एखादं जाड पुस्तक दोन पायांच्या मधे वरपर्यंत घट्ट लावा, सीटवर बसल्यावर येतो तेवढा दाब आला पाहिजे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. हा तुमचा इनसीम. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची अंदाजे उंची मिळते, म्हणजे इनसीम ८० सेमी असेल तर ७०.६ च्या आसपास, मग पुढे थोडं वरखाली करायचं.

आता फ्रेम. ५४ हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे जॉमेट्री चार्टमधे (फ्रेमच्या मापांचा तक्ता) स्टॅक (क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची) आणि रीच (तिथपर्यंतचं आडवं अंतर) बघा, स्टॅक जास्त नि रीच कमी असेल तर पाठ जरा सरळ राहते. पहिलीच रोड बाईक असेल, पाठ कुरकुरत असेल तर सरळ एंड्युरन्स फ्रेम (लांब राईडसाठीची, आरामशीर) घ्या, रेसवाली दिसते भारी पण तासाभरात मान धरते.

दोन साईजच्या मधे अडकलात तर मी तरी लहान घेईन, कारण स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लांब लावता येतो, त्याच्याखाली स्पेसर (हँडल वर उचलणाऱ्या रिंगा) टाकता येतात, मोठी फ्रेम मात्र कमी करता येत नाही. आणि हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे सरकवू नका, गुडघे बोंबलतील, त्यापेक्षा छोटा स्टेम लावून घ्या.