‘मला ओळखलंस का?’ हे विचारू नका

आमची आत्या नव्वदीला टेकली आहे. सकाळी चहा घेतला हे तिला दहा मिनिटांत आठवत नाही. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा घरातले पितळी डबे माळ्यावर कसे चढवले ते ती डब्यांच्या क्रमानं सांगते. अल्झायमर या विसराच्या आजारात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर बिघडतो. तरुणपणीच्या आठवणी त्यामानानं बऱ्याच टिकतात. म्हणून अशा माणसांना भेटायला जायचं ते त्यांच्या काळात.

त्याआधी डॉक्टर. ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईड यानंही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. माणूस एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलू लागला, तर लघवीचा संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

जायचं शक्यतो सकाळी. संध्याकाळ झाली की बरेच जण सैरभैर होतात, ‘घरी जायचंय’ म्हणतात, घरातच बसलेले असताना. गेल्यावर टीव्ही बंद करा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलंय ना बघा. मग समोर बसून आपणच ओळख द्या: ‘आत्या, मी बंड्या, तुझ्या धाकट्या भावाचा.’ ‘सांग बरं मी कोण?’ ही परीक्षा पाहुणे हटकून घेतात. मला त्याचा भयंकर राग येतो.

गप्पा अडल्या तर हाताला काम द्या. मी एकदा आत्यापुढे कापूस ठेवला. तिनं सरकी काढली, कापूस पिंजला, बोटाला किंचित दूध लावलं आणि वात वळली. माझी वात बघून म्हणाली, ‘ही काय, अळी?’ हाताच्या सवयी मेंदूत वेगळ्या जागी असतात, त्या उशिरा जातात. शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, काहीही चालेल. पावकी-निमकीचे पाढे किंवा आरती तुम्ही सुरू करा आणि मध्येच थांबा. पुढचं बहुतेक वेळा तिकडून येतं.

सगळ्यात अवघड प्रश्न: ‘आई कुठे गेली?’ आई जाऊन चाळीस वर्षं झालेली. खरं सांगितलं तर त्यांना ती बातमी नवीच असते, आणि रडू दर वेळी नवं. ‘आईची आठवण येतेय का? काय करायची गं ती संक्रांतीला?’ असं विचारा. माझा चुलतभाऊ याला फसवणूक म्हणतो. असेल, मी तरी असंच करतो.

तोच प्रश्न सातव्यांदा आला तरी पहिल्यासारखंच उत्तर द्या. ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हणालात तर त्यांना एवढंच कळतं की तुम्ही रागावलाय.

निघताना मोठा निरोप नको. ताट वाढलं, जेवायला बसवलं, की ‘येतो गं’ म्हणून हळूच उठायचं. आत्या पहिला घास हातात घेऊन विचारते, ‘जेवून नाही का जात?’ मग मी बसतो.