कोणत्या माध्यमावर बुरशी चांगली वाढते, हे कसे तपासावे?

भुईमुगाच्या बुंध्याशी पांढरे तंतू आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती बहुधा स्क्लेरोशियम रॉल्फसी. जमिनीतली ही बुरशी प्रयोगशाळेत भराभर वाढते. पण नुसता पट्टीने व्यास मोजून निष्कर्ष काढाल, तर फसाल.

१. चार माध्यमे (ज्यांवर बुरशी वाढवतात ती) घ्या: पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर, झापेक-डॉक्स (साखर व क्षारांचे), ओटमील अगर आणि नुसते पाणी-अगर. अगर म्हणजे माध्यम गोठवणारा पदार्थ. पहिल्यासाठी २०० ग्रॅम बटाटा उकळून गाळा. त्या पाण्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि २० ग्रॅम अगर घालून एकूण १ लिटर करा.

२. सगळ्यांचा सामू (pH) ६ च्या आसपास आणा, नाहीतर फरक माध्यमामुळे पडला की सामूमुळे, ते कळायचे नाही. फार आम्ल माध्यम ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले) तर अगर गोठतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

३. १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे निर्जंतुक करा. ९० मिलिमीटरच्या प्रत्येक पेट्रीडिशमध्ये २० मिलिलिटर ओता. माध्यमागे निदान चार डिश हव्यात.

४. तीन दिवस वाढवलेल्या बुरशीच्या कडेवरून कॉर्क बोअररने (धारदार कडेच्या गोल नळीने) ५ मिलिमीटरच्या चकत्या काढा. मधल्या चकत्या घेऊ नका, तिथले तंतू जुने असतात. तंतूंची बाजू खाली करून डिशच्या मधोमध ठेवा आणि २८ अंशाला उबवा.

५. मोजमाप रोज, ठरल्या वेळी. काटकोनात दोन व्यास घ्या आणि सरासरी काढा. पोषक माध्यमावर ही बुरशी तीन-चार दिवसांत डिश भरून टाकते. आठवड्याने मोजायला बसलात तर बहुतेक डिश ९० मिलिमीटरच दाखवतील!

खरी गंमत पाणी-अगरवर असते. तिथेही व्यास बऱ्यापैकी येतो, पण डिश उजेडासमोर धरली की तंतू इतके विरळ असतात की पलीकडची बोटे स्वच्छ दिसतात. अन्न नाही म्हणून बुरशी नुसती पसरत सुटते. त्यामुळे व्यासाशेजारी वाढीची घनताही लिहा. शिवाय पंधराव्या दिवशी दाणे मोजा. जमले तर हीच माध्यमे अगर न घालता द्रवरूपात वापरा, तंतू गाळून, वाळवून वजन करा. माझा भरवसा याच आकड्यावर जास्त.

काम संपल्यावर डिश ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका. हे दाणे मातीत काही वर्षे जिवंत राहतात.