पेनाच्या लाकडात पितळी नळी बसवताना

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे कातकाम कोकणाला नवे नाही. परंतु लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, पेन घडवताना खरी कसोटी कातण्याआधीच, भोक पाडताना आणि त्यात रिफिलसाठीची पितळी नळी चिकटवताना लागते. फणसाचा किंवा सागाचा तुकडा पूर्ण सुकलेला असावा, कारण ओलावा धरलेले लाकूड पुढे आकसते आणि नळीवर तडकते. तुकडा नळीपेक्षा 2-3 मिमी लांब कापावा. 7 मिमी नळीसाठी धारदार ड्रिल संथ गतीने चालवावे आणि वरचेवर बाहेर काढून भुसा झाडावा. भुसा अडकला की लाकूड तापून चिरते.

नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून, आत गोंद शिरू नये म्हणून तिची टोके मेणाने बंद करावीत. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, नळी अर्ध्यातच अडकण्याची भीती असते. म्हणून मी सावकाश घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सीच पसंत करतो. ते भोकात आणि नळीवर, दोन्हीकडे लावून नळी फिरवत आत सारावी.

दुसऱ्या दिवशी मेण काढून तुकड्याची टोके पितळ दिसेपर्यंत काटकोनात सपाट करावीत. त्यापुढे घासू नये, कारण नळी आखूड झाली तर पेन मिटवल्यावरही रिफिलचे टोक बाहेर राहते.