खपली गव्हाची खीर: गूळ घालण्याची घाई नको

सांगली-मिरजेकडे यात्रेचा महाप्रसाद असो की घरचे बारसे, पानात गव्हाची खीर वाढल्याशिवाय जेवण गोडाचे झाले असे जुनी माणसे मानत नाहीत. जतकडच्या कानडी बोलणाऱ्या घरांत हिलाच हुग्गी म्हणतात. साहित्य साधे असूनही ही खीर बिघडते, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: गहू पुरता शिजण्याआधीच तीत गूळ पडतो.

दहा-बारा माणसांसाठी अर्धा किलो खपली गहू पुरतो. या गव्हाचे टरफल मळणीत सुटत नाही, त्यामुळे तो कांडावाच लागतो. बाजारात सडलेला, म्हणजे कांडून टरफल काढलेला, गहू मिळतो, पण त्याच्याही दाण्यावर कोंड्याचा पातळ थर राहिलेला असतो. म्हणून गव्हावर पाण्याचा हबका मारून तो अर्धा तास झाकून ठेवावा आणि ओलसर असतानाच उखळात हलक्या हाताने कांडावा. उखळ नसल्यास मिक्सर दोन-दोन सेकंद थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवल्यास दाण्याचा रवा होतो आणि खिरीऐवजी लापशी पदरात पडते. कांडलेला गहू सुकवून सुपात पाखडावा, धुवावा आणि रात्रभर भिजत घालावा.

सकाळी त्यात मूठभर तांदूळ मिसळावेत, म्हणजे खीर मिळून येते. तिप्पट पाणी व चिमूटभर मीठ घालून हे सर्व कुकरमध्ये शिजवावे. मात्र फेस वर येतो म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून अर्धा तास ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. मग एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडावा. तो लोण्यासारखा पसरला तर ठीक. मध्ये पांढरा, टणक ठिपका दिसला तर गरम पाणी घालून पुन्हा शिजवावा. या पायरीवर कंटाळा करू नये, कारण गूळ पडला की दाणा पुढे मऊ होत नाही, मग तासभर उकळा की दोन तास.

सहाशे ग्रॅम गूळ चिरून वाटीभर पाण्यात वेगळा विरघळवावा आणि गाळून घ्यावा, कारण चांगल्या गुळातही कचरा निघतो. रंगाने तांबूस गूळ मला अधिक आवडतो. पिवळ्याधमक गुळाने खीर दिसायला देखणी होते, पण चवीला फिकी वाटते. शिजलेला गहू जाड बुडाच्या पातेल्यात काढून त्यात हे गुळाचे पाणी, अर्ध्या नारळाचे पातळ काप आणि दोन चमचे भाजून वाटलेली खसखस घालावी व पंधरा-वीस मिनिटे तळापासून ढवळत मंद आचेवर शिजवावे. खीर पळीवरून सहज ओघळत असतानाच उतरवावी, कारण थंड होताना ती बरीच आळते. शेवटी सुंठ, वेलदोडे, किसलेले जायफळ आणि जाडसर कुटलेली बडीशेप घालावी. बडीशेप आमच्याकडे हवीच. तिच्याशिवाय ही खीर परगावची वाटते.

दूध पातेल्यात ओतू नये. माझ्या भाचीच्या बारशाला, पंगत बसायला दहा मिनिटे उरली असताना, खीर घट्ट वाटली म्हणून मी उकळत्या पातेल्यात लिटरभर दूध ओतले आणि बघता बघता त्याचे चोथापाणी झाले. गुळात थोडा आंबटपणा असतो आणि उकळीला तो दूध फाडतो. त्यामुळे खीर पानात वाढावी, तीवर तापवून कोमट केलेले दूध आणि चमचाभर साजूक तूप ज्याने त्याने आपल्या आवडीने घ्यावे.

उरलेली खीर दुसऱ्या दिवशी सुरीने कापावी इतकी घट्ट होते. ती गरम करतानाही पाण्याचाच हात लावावा आणि दूध वाटीत घेतल्यावर घालावे.