आई-बाबांना परदेशात एकटं रेल्वेने पाठवताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की मला ठरलेला फोन येतो. "आईचं तिकीट काढलंय, गाडी उद्या सकाळची, ती एकटीच येतेय. स्टेशनवर कुणी मदत करतं का गं?"

करतात. युरोपात तर तो प्रवाशाचा हक्क आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पण ही मदत रेल्वेकडे आधी नोंदवावी लागते, आदल्या रात्री नऊला आठवण होऊन चालत नाही. दहा युरो वाचावेत म्हणून आठवडाभर साइट्स धुंडाळणारी माणसं, आई मधल्या स्टेशनवर गाडी कशी बदलणार याचा विचार शेवटच्या रात्री करतात. मला याचा खरोखर राग येतो.

"ती चालती-फिरती आहे, तिला कशाला मदत?"

युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नियम (२०२१/७८२, जून २०२३ पासून लागू) वयामुळे हालचाल मंदावलेल्या माणसालाही यात धरतो. व्हीलचेअर असायलाच हवी असं नाही. मात्र मदत नोंदवताना "सीनियर सिटिझन आहेत" एवढंच सांगून थांबू नका. किती पायऱ्या चढवतात, बॅग उचलता येते का, ऐकू नीट येतं का, कोणती भाषा कळते, हे सगळं स्पष्ट सांगा. आई-वडिलांना वाईट वाटेल म्हणून मुलं गुडघेदुखी लपवतात. मग मदतीला आलेला माणूस त्यांना भरभर जिन्याकडे घेऊन जातो.

पूर्वी ४८ तास आधी कळवावं लागे. नव्या नियमाने ही मुदत २४ तासांवर आणली. ब्रिटनमध्ये 'पॅसेंजर असिस्ट' या रेल्वेच्या मदतसेवेला प्रवासाच्या २ तास आधी कळवलं तरी चालतं. मी मात्र कुठेही तीन दिवस आधी नोंदवते आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारते. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय मदत मिळाली असं मी मानत नाही. अर्ज पाठवून निर्धास्त होणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

मधल्या स्टेशनवरचा घोळ

तीन वर्षांपूर्वी माझी मावशी तिच्या लेकीकडून जर्मनीत माझ्याकडे येत होती. वय ७४. वाटेत एकदा गाडी बदलायची होती. मी सगळं नोंदवलं होतं: गाडी, डबा २४, सीट, पुढची गाडी. एक गोष्ट मावशीला सांगायची राहिली, की तू ज्या डब्यात बसली आहेस त्याच डब्यातून उतर.

स्टेशन यायच्या वीस मिनिटं आधी तयार होऊन दाराशी उभं राहायची तिची आयुष्यभराची सवय. आपल्या दाराशी गर्दी दिसली, तशी ती बॅग ओढत दोन डबे पुढे गेली आणि तिथल्या मोकळ्या दारातून उतरली. मदतनीस २४ नंबरच्या डब्यापाशी उभा होता. करड्या कोटातल्या वयस्कर बाईची वाट बघून तो गेला. करडा कोट घातलेल्या बायका त्या फलाटावर कितीतरी असतील. पुढची गाडी निघून गेली.

इकडे मी माझ्या स्टेशनवर. सगळे उतरले, मावशी नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. गाडीत इतरांना त्रास नको म्हणून तिने तो सायलेंट करून पर्सच्या तळाशी ठेवला होता. ती पन्नास मिनिटं मला आजही आठवतात.

शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला. बानहोफ्समिशन या स्टेशनवर प्रवाशांना मदत करणाऱ्या संस्थेच्या एका स्वयंसेविकेला मावशी बाकावर बसलेली दिसली होती. तिने मावशीच्या हातातली माझी चिठ्ठी वाचली होती. पण आधी दोनदा तिचा फोन भलतीकडेच लागला, कारण आपण इंग्रजी 7 लिहितो त्याला मधे आडवी रेघ देत नाही आणि तिकडे असा 7 सरळ 1 वाचला जातो. त्यात चिठ्ठी मावशीच्या ओल्या बोटांनी चुरगळलेली.

"फोन का नाही केलास गं?" मी नंतर विचारलं. "तू कामात असशील म्हटलं, उगाच कशाला त्रास."

तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी चुकवत नाही. चिठ्ठी छापून, जाड कागदावर, देशाच्या कोडसकट नंबर आणि तिथल्या भाषेत दोन ओळी: मी एकटी प्रवास करते आहे, या नंबरवर फोन करा. गळ्यात लांबून दिसेल अशी पिवळी ओढणी, आणि मदत नोंदवताना तिचा उल्लेख. सीट दाराजवळची. उतरण्याच्या दहा मिनिटं आधीचा अलार्म. आणि आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर उजळणी, दोनदा: आपल्याच डब्याचं दार, उतरलं की तिथेच उभं राहायचं, कुणी दिसलं नाही तर पाच मिनिटांत मला फोन. "तू फोन नाही केलास तर मला जास्त त्रास होईल," हेही स्पष्ट बोलून घेते.

बानहोफ्समिशनबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती असते. १८९४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेलं, चर्चच्या संस्थांनी चालवलेलं हे काम जर्मनीतल्या शंभरेक स्टेशनांवर आहे. मदत मोफत मिळते. गाडी बदलायच्या स्टेशनवर त्यांचं केंद्र असेल तर मी त्यांनाही फोन करून ठेवते. रेल्वेची मदत असली तरीही.

आठ मिनिटांचं कनेक्शन

साइट दाखवते म्हणून घेऊ नका. तुम्ही बॅग खांद्यावर टाकून पळाल, बाबा पळणार नाहीत. मी तासाभराचं अंतर ठेवते. त्याहून बरी ती न बदलता जाणारी गाडी, मग ती दोन तास उशिरा पोचली तरी चालेल. आणि गाडी चुकली तर मदत आपोआप पुढच्या गाडीला लागेल असं गृहीत धरू नका, लगेच फोन करून नव्याने सांगा.

"विमानतळावर व्हीलचेअर घेतलीये ना!"

ती विमान प्रवासाची मदत. ती माणसं बाहेर आणून सोडतात, रेल्वेच्या डब्यापर्यंत नेतीलच असं नाही. रेल्वेची मदत वेगळी नोंदवावी लागते आणि दोन्हींच्या मधल्या अंतराचं उत्तर तुमच्याकडे हवं. फ्रँकफर्ट विमानतळावर तर दोन रेल्वे स्टेशनं आहेत, एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आणि एक लोकलचं. "विमानतळ स्टेशनवर भेटा" या निरोपाला तिथे अर्थ नाही. शक्य असेल तर पहिल्या दिवशी तरी स्वतः घ्यायला जा. लांबच्या विमान प्रवासानंतर वयस्कर माणसाला लगेच एकट्याने गाडीत बसवणं मला पटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एका शहरात अनेक स्टेशनं असतात. पॅरिसला गार द्यू नोरवर उतरून गार द लियोंहून पुढे जायचं असेल, तर मधल्या टॅक्सीची सोय तुम्ही करा.

जर्मनीत दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात सहसा सीट धरलेली नसते. रिझर्व्हेशन वेगळं करा, नाहीतर मदतनिसाला कुठला डबा सांगणार?

काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटून वेगवेगळ्या दिशांना जातात. डब्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

निघायच्या स्टेशनवर भेटीची वेळ दिलेली नसेल, तर नियमाप्रमाणे निदान ३० मिनिटं आधी ठरलेल्या जागी पोचायचं असतं.

अमेरिकेत अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या काही मोठ्या स्टेशनांवर 'रेड कॅप' म्हणजे गणवेशातले हमाल सामान मोफत उचलतात. गणवेश नसलेल्या कुणाच्या हाती बॅग देऊ नका.

औषधं, पाणी आणि चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा दोन नकोत, एकच. मदतनीस एका हाताने आईला आधार देतो तेव्हा त्याचा दुसरा एकच हात मोकळा असतो.