पावसाआधी खोलीची जमीन उचलायची असेल तर

आमची खोली कुर्ल्याला, मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर. दहा बाय बारा, विटांच्या भिंती, वर पत्रा, अर्ध्या भागात माळा. सासऱ्यांनी स्वतः उभी केलेली. तेव्हा म्हणे गल्लीतून दोन पायऱ्या चढून आत यावं लागायचं. गल्लीचं काँक्रीट दरवेळी जुन्याच्या डोक्यावर पडत गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा एकच पायरी उरली होती, आणि थोरल्याच्या दहावीपर्यंत उंबरा गल्लीच्या बरोबरीला आला.

जमीन आम्ही दोनदा उचलली. पहिल्यांदा २००६ च्या मे महिन्यात, घाबरून. आदल्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. दुसऱ्यांदा २०१९ मध्ये, कारण पहिलं काम चुकलं होतं. खालचं सगळं त्या दुसऱ्या खेपेचं. माझा मामा गवंडी. हात त्याचे आणि मिस्टरांचे, हिशोब आणि कटकट माझी.

आधी एक मनाशी ठरवा. छातीएवढ्या पाण्यासाठी खोली उचलता येत नाही, तेवढी उचलली तर डोकं पत्र्याला लागेल. दरवर्षी दोन-चार वेळा घोट्यापर्यंत येणारं पाणी आणि बारमाही ओल, यांच्यासाठी उचलता येते. आम्ही १६ इंच उचलली. गेल्या दहा वर्षांत पाणी भिंतीवर कुठवर आलं त्याचा डाग शोधा, त्याच्यावर चार बोटं धरा, आणि माळ्याखाली काय उरतं ते मोजा. आमच्याकडे माळ्याखाली सात फूट आठ इंच होते, आता सहा फूट चार आहेत. मिस्टर पाच फूट आठ, म्हणून जमलं. पंख्याची दांडी कापून आखूड केली. पत्रा उचलण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. तुम्हाला छताला हात लावायचा असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात परवानगीचं विचारा, मग टिकाव उचला.

ओल कुठून येते तेही आधी कळायला हवं. जुन्या कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, फूटभर चौकोनी प्लास्टिक ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि एक दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला पाणी दिसलं तर ओल जमिनीतली. वरच्या अंगाला दिसलं तर हवेतली दमट वाफ थंड लादीवर बसतेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात लादीला घाम फुटतो ना, तो हा. त्याला जमीन उकरून उपयोग नाही, पंखा आणि खिडकी हाच इलाज.

आता पहिली चूक. २००६ मध्ये शेजारची इमारत पाडत होते, डेब्रिज फुकट मिळालं. त्यात प्लास्टरचे पोपडे, लाकडाच्या ढलप्या, पीओपीचे तुकडे, काय म्हणाल ते होतं. एका दिवसात नऊ इंच भरलं, वर सिमेंट-रेतीचा माल टाकला, लादी बसवली. दोन पावसाळ्यांत लादीवर टिचकी मारली की पोकळ वाजायला लागली. लाकूड कुजलं, पीओपी भिजून बसलं, आणि झालेल्या पोकळीत घुशीने संसार मांडला. रात्री गॅसच्या ओट्याखालून माती उकरल्याचा आवाज यायचा. वरून तेरा वर्षं आम्ही ओल पुसत होतो, कारण मधे अडवणारं काहीच नव्हतं.

दुसऱ्या वेळी ते सगळं काढलं. चार दिवस गेले, त्यातले दोन गोण्या गल्लीबाहेर नेण्यात. मग सगळ्या भिंतींना, नव्या जमिनीच्या वर एक फूट येईल एवढ्या उंचीपर्यंत, वॉटरप्रूफ पावडर घातलेलं प्लास्टर आतून करून घेतलं. हे सोडू नका. भराव भिजला की भिंतीला रेटतो आणि ओलही देतो. मधली भिंत साडेचार इंची असेल तर तुमची ओल शेजारच्या काकूंच्या देवघरात निघते. आमच्या बाबतीत निघाली होती. त्या वर्षी गणपतीचा प्रसाद आमच्याकडे जरा उशिराच आला.

भरावाला मुरूम आणि स्वच्छ विटांचे रोडे घ्या. खाडीकडची खारट रेती नको, तिने भिंतीला लोणा लागतो, म्हणजे मिठाची पांढरी बुरशी फुटते. काळी मातीही नको, ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एका वेळी सहा इंचांहून जास्त थर टाकायचा नाही. पाणी मारायचं, धुम्मस, म्हणजे चोपायचं जड ठोकणं, घेऊन चोपायचं. गावी आजी चोपण्याने जमीन चोपायची ते मला रिकामटेकडेपण वाटायचं. आता कळतं, टाच रुतते तोवर चोपणं संपलेलं नसतं. मोकळा भराव चोपल्यावर साधारण चतुर्थांश बसतो, म्हणून सहा इंच हवे तर आठ इंच टाका. आमच्या १२० चौरस फुटांना पाऊण ब्रासच्या वर भराव लागला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रकवाल्याशी बोलताना टेप हातात ठेवा.

त्यावर चार इंच पाऊण इंची खडी, धुतलेली, कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा नसलेली. माझ्या मते सगळ्या कामात हाच थर महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच वाचवतात. समईच्या वातीतून तेल चढतं तसं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं. माती वात, बारीक रेती वात, विटेचा चुराही वातच. खडीतली पोकळी एवढी मोठी असते की पाण्याला चढायला आधारच मिळत नाही. कच मिसळलेली खडी आली तर परत पाठवा, नाहीतर पैसे देऊन पुन्हा वातच विकत घेतली.

खडीची टोकं प्लास्टिकला भोकं पाडतात. म्हणून वर इंचभर एकास सहाचा (एक सिमेंट, सहा रेती) माल, आणि तो सुकल्यावर जाड काळं प्लास्टिक, २५० मायक्रॉनचं. दुकानदार गेजमध्ये बोलतात, त्यांना हजार गेज सांगा. जोड फूटभर एकावर एक आणि वरून चिकटपट्टी. कडेला भिंतीवर चढवून नव्या लादीच्या वर दोन बोटं येऊ द्या, शेवटी कापता येतं. मोठ्या भरतीला मुसळधार पाऊस आला की जमिनीतलं पाणीच वर येतं, तेव्हा खडीसुद्धा बुडते. मग भरवसा फक्त या प्लास्टिकचा. त्यावरून चपला घालून कोणाला फिरू देऊ नका. मी दारात बसून होते.

वर तीन इंच काँक्रीट, एकास दोन चार, म्हणजे एक सिमेंट, दोन रेती, चार खडी. आमच्या खोलीला सहा गोणी सिमेंट पुरलं. कोपऱ्यांत आणि मोरीपाशी मामाने त्यात बारीक जाळी टाकली, घुशीसाठी. सात दिवस रोज पाणी मारलं. त्यावर माल आणि लादी मिळून दोन इंच.

राहायचं कुठे? आम्हाला दुसरी जागा नव्हती. म्हणून अर्धी खोली आधी, अर्धी नंतर. मधे विटांची तात्पुरती आड. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल घेऊन चारी भिंतींवर खूण आधीच मारून ठेवली होती, त्यामुळे दोन भाग जुळले. काम मात्र दुप्पट लांबतं. मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, तेव्हा एप्रिलच्या मध्यालाच सुरुवात करा.

दाराचं काय करायचं, यावर घरात भांडण झालं. मिस्टरांना चौकट फोडून वर न्यायची होती, पायरी बाहेर. गल्ली साडेतीन फुटांची, पायरी बाहेर काढली तर माणूस आडवा नेता येत नाही. आम्ही चौकट तशीच ठेवली आणि दाराच्या आत तीन बाय तीनचा जुना खड्डाच ठेवला, चपला काढायला. त्याला नऊ इंची विटांची कड, आणि तिथून दोन पायऱ्या वर. पाणी आलं तर आधी चपला भिजतात. दार आत उघडत असेल तर खड्डा दाराच्या पाखाएवढा हवा, नाहीतर दार पायरीला अडतं.

कोणी थर्माकोल घालायचा सल्ला देतं. थंड देशांत घरातली ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून तसा थर घालतात. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा सोळा-सतरावर आला तरी आपण कपाटातून स्वेटर काढतो. मे महिन्यात थंड लादीवर उघड्या अंगाने पडायचं सुख मी तरी घालवणार नाही. उष्णता अडवायची तर पत्र्याखाली अडवा. गुडघे दुखणाऱ्यांना सतरंजी.

ओट्याचा खर्च लोक विसरतात. तीस इंची ओटा जमीन उचलल्यावर चौदा इंचांचा होतो. आमचा कडप्पा शाबूत निघाला, खालच्या विटाच नव्या लागल्या.

आणि मोरी. जमीन उचलून नळी जुन्याच पातळीला ठेवली तर गटार तुंबल्यावर पाणी दाराआधी मोरीतून येतं. नहाणी ट्रॅप (मोरीचं पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा वाकडा भाग) वर घ्या, पाइपाला चाळीस इंचांत एक इंच उतार द्या, आणि घराबाहेर पडण्याआधी पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवा, वर उघडता येईल असं झाकण ठेवून. झडपेत केस आणि भाताची शितं अडकली की ती पूर्ण मिटत नाही. मे संपायच्या आत झाकण काढून ती धुवायची. आमच्याकडे ते काम धाकट्याचं, आणि दरवर्षी तो ते एकतीस तारखेलाच करतो.