ॲनिलिनचा ड्रम उघडण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं काढली. एओसीपीचा, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरच्या कामाचा, ॲप्रेंटिस म्हणून शिरलो आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून बाहेर पडलो. त्यातली बरीच वर्षं ॲनिलिन या विषारी द्रव रसायनाच्या सोबतीत गेली, कारण आमच्याकडे त्यापासून ॲसिटॅनिलाइड नावाचं दुसरं रसायन बनायचं. आता भाचा त्याच प्लांटला लागलाय. त्याला तोंडी सांगून झालं, पण तो एका कानानं ऐकतो. म्हणून त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतर पोरांसाठी हे लिहून काढतोय.

सुरुवात बुटापासून करतो. 1997 च्या पावसाळ्यात, सेकंड शिफ्टला, ड्रममधून रिॲक्टरला, म्हणजे रसायन बनवायच्या बंद टाकीला, चार्जिंग (माल भरणं) चालू होतं. होज, म्हणजे माल न्यायची नळी, काढताना त्यात राहिलेलं जेमतेम वाटीभर ॲनिलिन एका हेल्परच्या बुटावर सांडलं. बूट चामड्याचा होता. त्यानं चिंधीनं पुसला आणि पुढच्या कामाला लागला. मी बघितलं, पण काही बोललो नाही. तीन तासांनी कँटीनच्या ट्यूबलाइटखाली तो चहाचा ग्लास धरून बसला होता, तेव्हा त्याच्या नखांकडे माझी नजर गेली. पिकलेल्या जांभळाला हात लावल्यासारखी दिसत होती. ओठही तसेच. विचारलं तर हसत म्हणाला, "मला काय झालंय भाऊ? मस्त आहे मी." अर्ध्या तासात डोकं धरून बसला, मग ओकला. वाचला तो. पण प्लांटमध्ये इतका वेळ तो माझ्यासमोरच वावरत होता आणि मला काही दिसलं नाही, कारण तिथं पिवळे सोडियमचे दिवे होते. त्या उजेडात निळं काही दिसतच नाही.

या मालाचं वागणंच असं आहे. ॲसिड अंगावर पडलं तर माणूस ओरडतो, क्लोरीन आली तर पळतो. ॲनिलिन जवळजवळ झोंबतच नाही. तेलकट लागतं, जरा माशासारखा वास येतो, आणि ते कातडीतून सरळ रक्तात उतरतं. तिथं हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करून टाकतं, आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही. ज्याला लागलंय त्याला सगळ्यात शेवटी कळतं, म्हणून जोडीदारानं जोडीदाराकडे बघत राहायचं. खिशात पांढऱ्या उजेडाची बॅटरी ठेवा. आपली कातडी सावळी असते, वरून रंग ओळखू येत नाही, तेव्हा खालचा ओठ उलटा करून आतली बाजू बघा, हिरड्या बघा, नखं बघा.

एमएसडीएसमध्ये, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकात, हवेतल्या प्रमाणाची आठ तासांची मर्यादा 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) दिलेली असते आणि तिच्यापुढे 'स्किन' असा शब्द असतो. पोरं आकडा वाचतात आणि तो शब्द सोडून देतात. त्याचा अर्थ असा की हवा कितीही स्वच्छ असली तरी हातमोज्याच्या आत गेलेला थेंब तुम्हाला आडवा करू शकतो. 1886 मध्ये इंग्लंडात तान्ही बाळं निळी पडली होती, तीही दुपट्यांवर मारलेल्या ॲनिलिनच्या शाईच्या शिक्क्यामुळे. नुसत्या शिक्क्याच्या शाईनं!

आता कामाकडे. हातमोजे ब्यूटाइल रबरचे मागा. स्टोअरवाला हटकून साधे रबराचे किंवा निळे नायट्राइलचे पुढे करतो. त्यांतून ॲनिलिन लवकर आरपार जातं आणि आत घामात मिसळून बसतं, म्हणजे मोजा नसता तर बरं अशी गत. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणा, आत हवा कोंडेल, मग दाबून गालाजवळ धरा. भोक असेल तर वारा लागतो. पायात गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेरून सोडायची. पावसाळ्यात चिखल नको म्हणून सगळे पँट बुटात खोचतात. मग वरून ओघळलेला माल थेट मोज्यापर्यंत जातो. अंगात पीव्हीसीचा सूट, डोळ्यांवर गॉगल. साध्या चार्जिंगला ऑरगॅनिक व्हेपरच्या काडतुसाचा मास्क चालेल, लाइन उघडायची असेल तर एअरलाइनच, म्हणजे नळीनं बाहेरची स्वच्छ हवा येणारा मास्क. आणि काडतूस कधी लावलं ती तारीख त्याच्यावर मार्करनं लिहा.

ड्रम साधारण दोनशे किलोचा. एप्रिल-मेमध्ये उन्हात राहिला असेल तर आत दाब धरलेला असतो. बूच एकदम काढू नका. अर्धा आटा ढिला करा, फुस्स आवाज बंद होईपर्यंत थांबा, तोंड बाजूला ठेवा. ताजा माल जवळजवळ पाण्यासारखा असतो, हवा आणि उजेड लागला की तपकिरी होतो. रंगावरून तो घातक की कमी घातक हे ठरवू नका. माल पंपानं ओतण्यापेक्षा व्हॅक्यूमनं ओढलेला बरा, गळती झाली तरी हवा आत जाते, माल बाहेर येत नाही. ड्रममध्ये बुडवलेला डिप पाईप वर काढल्यावर व्हॅक्यूम लगेच बंद करू नका, होजमधला उरलेला माल आत खेचला जाऊ दे. आमचा तो वाटीभर माल इथंच राहिला होता. खाली ट्रे हवाच. लाइनवर पितळी व्हॉल्व्ह बसवू देऊ नका, तांबं आणि तांब्याचे मिश्रधातू ॲनिलिन खातं. नायट्रिक ॲसिड किंवा कुठलाही ऑक्सिडायझर (जळण भडकवणारं रसायन) त्याच शेडमध्ये नको. आगीचं म्हणाल तर फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, 70 अंशांच्या वर आहे, त्यामुळे थंड ड्रमपेक्षा गरम रिॲक्टरची धास्ती जास्त.

फ्लँज, म्हणजे पाईपचा बोल्टनं आवळलेला जोड, उघडताना परमिट सगळेच भरतात, पण बोल्ट कुठला आधी सोडायचा ते कोणी सांगत नाही. तुमच्यापासून लांबचा, पलीकडचा बोल्ट आधी ढिला करायचा, काढायचा नाही. मग पाचर घालून फट पाडा. आत काही राहिलं असेल तर ते पलीकडे उडेल. लाइन रिकामी आहे असं लॉगबुकात लिहिलेलं असलं तरी हेच करायचं. सांडलंच तर पाण्याचा पाईप मारू नका. ॲनिलिन पाण्यापेक्षा किंचित जड, विरघळतंही थोडंच. पाण्यानं ते फक्त गटारात जातं. कोरडी वाळू टाका, फावड्यानं डब्यात भरा, डब्याला चिठ्ठी लावा.

अंगावर पडलं तर लाजायचं नाही, तिथल्या तिथे शॉवरखाली सगळे कपडे उतरवायचे. बनियन, चड्डी, मोजे, घड्याळाचा पट्टा, आणि आपल्याकडे हमखास राहून जातो तो कमरेचा करगोटा. गंडा, माळ, जानवं, सगळं. दोरा माल धरून ठेवतो आणि रात्रभर पाजत राहतो. देवाची माफी नंतर मागता येते. पाणी आणि साबण, निदान पंधरा मिनिटं. केस, कानामागे, बेंबी, नखांच्या आत. पाणी गरम नको, उष्णतेनं कातडीतून आत जायचा वेग वाढतो. मदत करणाऱ्यानं हातमोजे घालूनच हात लावायचा.

त्यानंतर त्याला घरी सोडू नका. लक्षणं चार-चार तासांनीसुद्धा येतात. करोनापासून प्रत्येकाकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आलाय, पण इथं त्यावर भरवसा नको. मेथहिमोग्लोबिन वाढलं की आकडा 85 च्या आसपास येऊन अडकतो. ऑक्सिजन लावूनही ओठ निळेच आणि आकडा तिथेच, तर समजायचं. डॉक्टरांनी टोचून काढलेला रक्ताचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर ठेवला आणि शेजारी दुसऱ्या कुणाचा ठेवला तर फरक उघड दिसतो: दुसऱ्याचा लाल, याचा चॉकलेटसारखा, आणि हवा लागूनही तो लाल होत नाही.

यावर औषध आहे, मेथिलीन ब्ल्यू, शिरेतून, किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम. ते डॉक्टरांनीच द्यायचं. जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्याला ते उलटतं, रक्तपेशी फुटतात. म्हणून ही तपासणी कामावर घेतानाच करून कार्डावर लिहून ठेवायला लावा. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही गोळ्यांशी मेथिलीन ब्ल्यूचं जमत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सगळ्या डॉक्टरांनी अशी केस पाहिलेली नसते. पेशंटबरोबर जाणाऱ्याच्या खिशात 'ॲनिलिन, मेथहिमोग्लोबिन' एवढं लिहिलेली चिठ्ठी आणि एमएसडीएस असू दे. जुलैत परशुराम घाटात दरड आली तर ॲम्ब्युलन्स कुठून नेणार, याचं उत्तर आधीच ठरवा. आमच्या ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, मेथिलीन ब्ल्यूची एक्स्पायरी मी दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी बघायचो, म्हणजे विसर पडत नसे. बरा झाल्यावरही आठवडाभर हिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं, पेशी उशिरा फुटतात.

शिफ्ट सुटल्यावर दारू नको. माझ्या बोलण्यानं कोणी सोडत नाही हे ठाऊक आहे, पण ॲनिलिन लागलेल्या दिवशी तरी नको. दारूनं त्रास एकदम उसळतो. युनिफॉर्म घरी नेऊ नका, बायकोच्या हाताला कुठले हातमोजे? आणि कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2020 साली ॲनिलिनला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या 2ए गटात टाकलंय, तेव्हा रोजचं थोडं थोडंही अंगावर घ्यायचं नाही.

त्या हेल्परचे बूट मी दुसऱ्या दिवशी मागून घेतले. चामड्यातून ॲनिलिन निघत नाही, धुवा, वाळवा, काही करा. तो म्हणाला, नवे आहेत, गावी भावाला देतो. मी त्याच्यासमोर कटरनं दोन्ही उभे चिरले आणि घातक कचऱ्याच्या गोणीत टाकले. रिकाम्या ड्रमचंही तेच करायला लागलो, कारण वाड्यांवर उन्हाळ्यात पाणी साठवायला ड्रमला केवढी मागणी असते ते आपल्याला माहीत आहे. धुऊन झाला की तळाला पहारीनं दोन भोकं, आणि मगच तो गेटबाहेर.